मन मोकळं, तरी खटके का?

प्रश्न : कोथरूडच्या फ्लॅटमध्ये माझी मुलगी मणिपूर आणि केरळच्या मुलींसोबत राहते. तिला भेदभाव मुळीच आवडत नाही, तरी स्वयंपाकघरावरून कुरबुरी होतात. ती मनातच कुढते. काय करावं?

उत्तर : मोकळ्या मनामुळे शिकायची तयारी येते, निभावण्याचं कौशल्य मात्र सरावानेच येतं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं की पूर्वग्रह ओसरायला नुसता सहवास पुरत नाही. बरोबरीचा दर्जा, सामायिक उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. म्हणून आधी भाडेकरार पाहा. त्यावर एकटीचंच नाव असेल तर बाकीच्या पाहुण्या ठरतात आणि तिथेच बिनसतं. तिघींची नावं घाला.

मग भाषा. ‘घाण वास येतोय’ हा निवाडा झाला. ‘वास उग्र वाटतोय, खिडकी उघडू?’ ही विनंती. मणिपुरी ङारी (आंबवलेली मासळी) तुमच्या मुलीला उग्र वाटते, तसाच आपला हिंग मणिपूरच्या मुलीला वाटू शकतो. आठवड्यातून एकदा तिघींनी मिळून रांधावं, भांडी-ओट्याचे नियम तेव्हाच ठरवावेत.

आणि गप्प बसून सोसणं म्हणजे सहिष्णुता नव्हे, त्याने माणूस थकतो. आपली रीत जपत इतरांत मिसळणारे सहसा अधिक स्वस्थ राहतात, असं मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या स्थलांतरितांवरील संशोधनात दिसतं. तिला वरण-भात सोडायला लावू नका.