शेतात सापडलेले शिसे: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

नांगराच्या तासात, विहिरीच्या मातीत, नदीच्या वाळूत शिशाचे लहान तुकडे सापडतात आणि बहुतेक भंगारात जातात. गेल्या अंकातील आवाहनानंतर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : पंचगंगेकाठच्या आमच्या मळ्यात रुपयाएवढी, पांढरट-करडी, जड चकती सापडली. एका बाजूला काहीतरी कोरल्यासारखे वाटते. चिंचेच्या कोळात ठेवून घासली तर दिसेल का? – एक वाचक, करवीर तालुका

चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर यांतले काहीही लावू नका. तांब्या-पितळेवर चिंच चालते म्हणून शिशावरही चालेल असे वाटते, पण शिशाचे खरे शत्रू ही सौम्य आम्लेच आहेत. तुम्हाला दिसणारा पांढरट थर म्हणजे शिशाचे कार्बोनेट. जमिनीत शतकानुशतके राहिल्यावर मूळ पृष्ठभागच या थरात बदललेला असतो. अक्षरे त्या थरात असतात, खालच्या धातूत नव्हे. थर विरघळला की चकचकीत धातू उरतो आणि त्यावर काहीच नसते.

तुमचा भाग पाहता ही चकती नाणे असण्याची शक्यता चांगली आहे. सातवाहनांनी आणि त्यांच्या काळातील स्थानिक घराण्यांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १८७७ मध्ये अशा नाण्यांचा साठा मिळाला होता. या भागातल्या नाण्यांची खूण म्हणजे बाण लावलेले धनुष्य. त्याभोवती ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख असतो आणि त्यात वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर ही नावे येतात. दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेल्या कमानींचा डोंगर, ज्याला अभ्यासक चैत्य म्हणतात, आणि कठड्यातले झाड. इतरत्र मिळणाऱ्या सातवाहन नाण्यांवर हत्ती, सिंह, घोडा आणि मागे ‘उज्जैन चिन्ह’ (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे) दिसते. दोन डोलकाठ्यांचे जहाज असलेली शिशाची नाणीही आहेत, पण ती पूर्व किनाऱ्यावरची. खाली कारवारकडे चुटुकुळानंद आणि मुळानंद या नावांची मोठी, जाड शिशाची नाणी मिळाली आहेत. म्हणून नाणे कोणत्या गावात मिळाले, हे त्यावर काय आहे याइतकेच महत्त्वाचे ठरते.

आता काम कसे करायचे. माती ओली असेल तर सावलीत वाळू द्या, उन्हात नको. मग ऊर्ध्वपातित पाण्यात (बॅटरीसाठी मिळते ते) जलरंगाचा मऊ ब्रश बुडवून, चकती तळहातावर सपाट ठेवून, फक्त सुटी माती काढा. खळग्यात अडकलेली माती बांबूच्या टोकदार काडीने ओली करून उचला. सुई, टाचणी, दातांचा ब्रश, तारेचा ब्रश वापरू नका. शिसे नखानेही ओरखडते. थर भुसभुशीत असेल, बोटाला पीठ लागत असेल, तर पाणीही लावू नका. तशीच ठेवा.

अक्षरे पाहायला स्वच्छतेपेक्षा प्रकाश जास्त उपयोगी पडतो. खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ आडवा, दहा-पंधरा अंशांवर धरा आणि चकतीभोवती फिरवत चार दिशांनी चार फोटो घ्या. एका फोटोत न दिसणारी रेघ दुसऱ्यात उठून येते. नाणे पाडायचा साचा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे निम्मा लेख काठाबाहेर जातो. सुरुवातीचे ‘रञो’ (राजाचा) आणि शब्दांच्या शेवटचा षष्ठीचा ‘स’ एवढे सापडले तरी वाचणाऱ्याला पुरेसा धागा मिळतो. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेण्याची पद्धत दगडासाठी ठीक आहे, शिशावर ती करू नका, उठाव चेपतो.

प्रश्न : आजोबांच्या बागेत खणताना राखाडी रंगाची दोन नाणी मिळाली. एक जण शिसे म्हणतो, दुसरा कथील. घरच्या घरी कसे ओळखावे? – एक वाचक, सावंतवाडी

कागदावर रेघ ओढून पाहण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. शिशाची करडी रेघ उमटते हे खरे, पण तेवढा काठ कायमचा झिजतो. त्यापेक्षा पाण्यात वजन करा.

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनाराचा छोटा काटा लागेल. नाणे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लटकवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काट्यावर आता जो आकडा येतो तो ग्रॅममध्ये असला तरी तेवढेच घनसेंटिमीटर नाण्याचे आकारमान असते. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा नाणे ९.४० ग्रॅम आहे आणि पाण्यात लटकवल्यावर ०.८४ दिसते, तर घनता ११.२ येते, म्हणजे शिसे. तेवढ्याच आकाराचे दुसरे ६.२० ग्रॅम भरले आणि आकडा ०.८५ आला, तर ७.३, म्हणजे कथील.

शुद्ध शिसे ११.३, चांदी १०.५, तांबे ८.९, कथील ७.३, जस्त ७.१. मधला आकडा आला तर मिश्रधातू, किंवा मग मोजण्यातली चूक. सर्वात जास्त चूक बुडबुड्यांमुळे होते: नाण्याला चिकटलेला बुडबुडा आकारमान वाढवतो आणि घनता कमी दाखवतो. ओल्या ब्रशने तो झटकून मग मोजा. नाणे दोन ग्रॅमपेक्षा हलके असेल तर काट्याच्या एका शतांशाच्या फरकानेही उत्तर पाच-सहा टक्क्यांनी हलते, तेव्हा पाच वेळा मोजून सरासरी काढा. जाड गंज असलेल्या शिशाची घनता दहापर्यंत खाली येऊ शकते. पीठ सुटणाऱ्या नाण्यावर ही चाचणी करू नका.

तुमच्या भागात हा प्रश्न खराच महत्त्वाचा आहे, कारण पोर्तुगीजांची कथलाची बझारुक नाणी गोव्यात चालत आणि दीवला शिशाचीही पाडली गेली. ईस्ट इंडिया कंपनीनेही मुंबईसाठी कथलाची ‘पैसा’ नाणी पाडली. त्यांवर मोठा मुकुट दिसतो. धातू ठरला की निम्मी शक्यता तिथेच गळते.

प्रश्न : जालना जिल्ह्यात आमच्या शेतात शिशाच्या गोळ्या मिळतात, काही चपट्या, काही गोल, दोन टोकदार. असईच्या लढाईतल्या समजाव्यात का? – एक शेतकरी वाचक

टोकदार गोळ्या आधी बाजूला काढा. ईस्ट इंडिया कंपनी आणि मराठे यांच्यातली असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. बुडाला पोकळी असलेली टोकदार गोळी युरोपात १८४९ च्या सुमारास आली आणि आपल्याकडे १८५३ च्या एनफिल्ड रायफलबरोबर. तिचा व्यास सुमारे १४.५ मिलिमीटर. पुढे १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी, व्यास ११.४ मिलिमीटर आणि वजन ३१ ग्रॅमच्या आसपास. तांब्या-निकेलचे कवच असलेली गोळी त्याहूनही नंतरची, १८८० च्या दशकाच्या अखेरीपासूनची. म्हणजे या दोन गोळ्या शिकारीच्या किंवा चांदमारीच्या असतील, असईच्या नक्कीच नाहीत.

गोल गोळ्यांसाठी वजन हाच आधार. चपटी झालेली गोळीही वजनातून आपला मूळ व्यास सांगते: ग्रॅममधल्या वजनाचे घनमूळ काढा आणि ५.५२ ने गुणा, उत्तर मिलिमीटरमध्ये येते. १० ग्रॅमला साधारण १२ मिलिमीटर, २० ला १५, ३२ ला साडेसतरा. कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीचे तोंड १९ मिलिमीटरचे होते आणि गोळी त्याहून थोडी लहान, साडेसतराच्या आसपास असे, कारण दारूच्या काजळीने नळी भरली तरी गोळी आत जायला हवी. तोड्याच्या (जळत्या वातीने उडणाऱ्या) देशी बंदुकांना ठरावीक माप नव्हते, त्यांच्या गोळ्या नाना आकारांच्या मिळतात.

इथे एक मोह टाळायला हवा. साडेसतरा मिलिमीटरची गोळी मिळाली की ‘इंग्रजांची’ आणि लहान मिळाली की ‘मराठ्यांची’ अशी वाटणी लोक करून टाकतात. शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी) युरोपीय धर्तीच्या बंदुका वापरत होते. एकट्या गोळीवरून बाजू ठरत नाही. ठरतेच तर ती गोळ्या कुठे, किती दाटीने, कोणत्या दिशेने पडल्या यावरून. म्हणूनच डब्यात जमा केलेल्या शंभर गोळ्यांपेक्षा ठिकाणासह नोंदलेल्या दहा गोळ्या इतिहासाला अधिक देतात.

प्रत्येक गोळीवर तीन गोष्टी पाहा. साच्याच्या दोन भागांची शिवण आणि शिसे ओतले त्या तोंडाचा खुंट स्पष्ट असतील तर गोळी बहुधा उडवलेली नाही, कोणाच्या थैलीतून पडली. मध्यावर गुळगुळीत पट्टा असेल तर ती नळीतून गेली आहे. एक बाजू पसरलेली असेल तर कशावर तरी आदळली आहे, आणि त्या बाजूला कधीकधी दगडाचा किंवा लाकडाचा पोत उमटलेला असतो. तो ब्रशने घासू नका. मोजायला प्लास्टिकचा कॅलिपर घ्या, पोलादी जबड्यांनी शिशावर खाच पडते. चुंबकाला चिकटली तर ती शिशाची नाही, तोफेच्या छऱ्यातली लोखंडी गोळी असू शकते.

प्रश्न : किनाऱ्यावर शिशाच्या गुंडाळलेल्या पट्ट्या आणि एक छापाची चकती मिळाली. प्राचीन आहेत का? – एक वाचक, रायगड

गुंडाळलेल्या पट्ट्या बहुधा पागाच्या (हाताने फेकायच्या) जाळ्याचे वजन. ती आजही तशीच करतात, त्यामुळे एकट्या पट्टीवरून काळ सांगता येत नाही. विजेच्या मीटरची सीले, वॅगनची सीले आणि चाकांना ठोकायची वजनेही पुष्कळ मिळतात. तारेची दोन भोके आरपार दिसली तर आधुनिक सीलच समजा.

छापाची चकती मात्र नीट पाहा. चार भागांत विभागलेला हृदयाचा आकार, त्या भागांत रोमन अक्षरे आणि वर इंग्रजी चाराचा आकडा असेल, तर ती ईस्ट इंडिया कंपनीच्या गठ्ठ्यांची खूण आहे. अशा सीलची आतली बाजू धुऊ नका. कापडाच्या विणीचा ठसा, क्वचित धागासुद्धा, तिथे टिकलेला असतो. भिंगाखाली एका सेंटिमीटरमध्ये उभे आणि आडवे किती धागे आहेत ते मोजून लिहा.

प्रश्न : लंडनला मुलाकडे असताना थेम्सच्या ओहोटीत असे तुकडे दिसतात. उचलले तर चालतात का?

पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना असल्याशिवाय उचलू नका, शोधणे आणि उचलणे दोन्हींसाठी तो लागतो. परवाना असला तरी ३०० वर्षांहून जुनी वस्तू लंडन म्युझियमला दाखवावी लागते. तिथे कापडाची सीले फार मिळतात: पट्टीने जोडलेल्या दोन चकत्या कापडाच्या काठावर दुमडून दाबलेल्या. सरकारी तपासनिसाचा कापडावरचा कर १७२४ मध्ये बंद झाला, तेव्हा त्या कराचे सील त्याआधीचे.

प्रश्न : एवढ्याशा शिशासाठी सरकारला कळवायचे का? मेटल डिटेक्टर विकत घ्यावा का?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. पत्रात चार गोष्टी हव्यात: वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख. न कळवल्यास त्या वस्तूतला तुमचा वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला ‘आठवण’ म्हणून देऊ नका.

डिटेक्टर घेऊ नका, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. संरक्षित किल्ल्यावर किंवा टेकाडावर परवान्याशिवाय खणणे गुन्हा आहे. आणि साध्या शेतातही संकेत आला की माणूस खड्डा करतो, खापरे, राख, नाणे सगळे एकत्र उपसतो, आणि नाण्याचा काळ सांगणारा थर तिथेच संपतो. नांगराने वर आणलेले उचला, खाली जाऊ नका.

प्रश्न : नोंद नेमकी कशी ठेवायची, आणि वस्तू कशात ठेवायची? लाकडी कपाटातल्या गोळ्यांवर पांढरे पीठ आले आहे.

पिठापासून सुरुवात करू. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा आणि डिंक यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघते आणि बंद कपाटात ती साचून शिशाला खाते. गोळ्या आजच बाहेर काढा. पीठ फुंकू नका, झटकू नका, ते विषारी आहे. हातमोजे घालून प्रत्येक गोळी झिपच्या पॉलिथिन पिशवीत घाला, पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. पीव्हीसीची पाकिटे, कापूस, आगपेट्या चालणार नाहीत. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, डबा स्वयंपाकघरात आणि मुलांच्या हाताशी ठेवू नका.

नोंदीला साधी वही पुरते. अनुक्रमांक, तारीख, गाव, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच अंकांपर्यंत (पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर, त्यापुढे मोबाइलचा भरवसा नसतो), खोली, मातीचा प्रकार, शेजारी खापरे किंवा विटा होत्या का. मग वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, सर्वात मोठा व्यास, जाडी. नाणे असेल तर दोन्ही बाजूंच्या चित्रांची दिशा घड्याळाच्या काट्यांत लिहा: पुढची बाजू बारावर सरळ ठेवून नाणे उभ्या अक्षावर उलटले की मागच्या चित्राचा माथा कितीवर येतो ते. फोटो दोन्ही बाजूंचे आणि काठाचे, मिलिमीटरची पट्टी वस्तूच्याच पातळीवर ठेवून. पट्टी खाली टेबलावर राहिली तर माप चुकते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून पिशवीत घाला, बॉलपेनची शाई उडते. वस्तूवर क्रमांक लिहू नका.

ओळख पटली नसेल तर वहीत ‘अनिश्चित’ असेच लिहा. अंदाजाने लिहिलेले ‘सातवाहन’ पुढच्या वाचकाला खरे वाटते, आणि मग ते खोडायला कोणी येत नाही.