तुकड्या-तुकड्यांनी ॲपलेशियन ट्रेल

प्रश्न : मी ५४ वर्षांची, न्यू जर्सीत राहते. ॲपलेशियन ट्रेल चालायची फार इच्छा आहे, पण सलग पाच-सहा महिने सुटी कुठून आणू? ताई, जमेल तसे तुकडे पाडून चालले, तर ट्रेल पूर्ण झाली म्हणता येईल का?

उत्तर : अगदी बिनदिक्कत म्हणा! अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतापर्यंत, १४ राज्यांतून जाणारी ही जवळपास २,२०० मैलांची वाट. ती पुरी करणाऱ्यांची नोंद ॲपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था ठेवते. एका दमात चाललात की वीस वर्षांत, याने तिथे काही फरक पडत नाही.

मी आठ वर्षं अशीच चालतेय. तुमच्या राज्यात या वाटेचे ७२ मैल आहेत, तिथूनच सुरुवात करा. डेलावेअर वॉटर गॅपहून चढत सनफिश पाँडला पोचलात, की हिमनदीने कोरलेल्या त्या तळ्याकाठी निवांत बसा. मी दर वेळी बसते.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सलग चालणाऱ्यांचे पाय काही आठवड्यांत रुळतात. आपला मात्र दर खेपेला पहिलाच दिवस असतो. दुसऱ्या खेपेला मी हौसेने १५ मैल मारले आणि पुढचे दोन दिवस जिना उतरता येईना. पहिल्या दिवशी आठ मैल पुष्कळ झाले.

खरी अडचण गाडीची. रात्रभर गाडी ठेवू देतात ना, हे आधी विचारून घ्या. ती शेवटच्या टोकाला लावा, कुणाला तरी सुरुवातीला सोडायला सांगा आणि आपल्या गाडीकडे चालत या. मग संध्याकाळी कुणी ताटकळत नाही नि आपलीही घाई होत नाही.

झाडांवरचे वाट दाखवणारे पांढरे पट्टे बघत राहा. एकावर एक दोन दिसले, तर थांबा : वाट वळतेय. गप्पांच्या नादात ते माझ्या नजरेतून सुटले आणि मी तासभर भलतीकडेच गेले. मुक्काम नेमून दिलेल्या जागीच करा; न्यू जर्सीत ट्रेलवर शेकोटीला बंदी आहे, म्हणून मी दुधात भिजवलेल्या दशम्या नेते. पण दशमी असो की चटणी, रात्री सगळं मुक्कामाच्या जागेवरच्या अस्वलपेटीत (अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत) ठेवायचं, तंबूत कणभरही नाही. काळी अस्वलं तिथे खरंच फिरतात.

आणि जिथे थांबाल, तिथल्या पट्ट्याच्या झाडाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या खेपेला त्याच झाडापासून निघायचं.