वडिलांच्या वावराचं मृत्युपत्र करायचं आहे, वकील लागतोच का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील 74 वर्षांचे, दारव्हा तालुक्यात 9 एकर वावर. त्यातलं 5 एकर आजोबांकडून आलेलं, 4 एकर वडिलांनी स्वतः विकत घेतलेलं. आई आहे, तुम्ही दोघं भाऊ, बहीण सासरी. कोणी म्हणतं बॉण्डवर लिहून नोटरी मारली की झालं, कोणी म्हणतं वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र होतच नाही. आणि एक वकील म्हणतो, एक एकर मला लिहून द्या, बाकीचं मी पाहतो.

मी पटवारी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मृत्युपत्रं माझ्याकडे यायची ती माणूस गेल्यावर, फेरफारासाठी, म्हणजे जमिनीच्या नोंदीत मालकाचं नाव बदलण्यासाठी. ‘बाबाजी, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?’ हे विचारायची सोय तेव्हा राहिलेली नसते. म्हणून थोडं लांबून सांगतो.

बॉण्डचं आधी उरकतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. कोऱ्या कागदावर, वहीच्या पानावर लिहिलं तरी चालतं. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 63 मागतं ते एवढंच: लिहून ठेवणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि त्याच्यासमोर सह्या करणारे किमान दोन साक्षीदार. नोटरीच्या शिक्क्याचं त्यात नावही नाही. लाल शिक्का मारून आणलेलं, पण साक्षीदाराची जागा कोरी असलेलं मृत्युपत्र घेऊन लोक तहसीलमध्ये यायचे आणि वर भांडायचे, ‘साहेब, नोटरी आहे ना!’ तोंडी सांगितलेलं किंवा मोबाईलमध्ये व्हिडिओ काढून ठेवलेलं हेही मृत्युपत्र होत नाही. व्हिडिओ पुराव्याला मदत करेल, कागदाची जागा घेणार नाही.

रजिस्ट्री सक्तीची नाही, तरी करा. दुय्यम निबंधकासमोर वडील स्वतः हजर राहतात, कागदाची नोंद सरकारदरबारी राहते, हरवला तर नक्कल निघते. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर अर्ज केल्यावर घरी येऊन नोंदणी करण्याचीही तरतूद आहे. पण ‘रजिस्टर आहे म्हणजे कोणी आव्हान देऊ शकत नाही’ हा समज सोडा. वाद कोर्टात गेला की रजिस्टर असो वा नसो, साक्षीदारांपैकी एक तरी जिवंत असेल तर त्याला उभं करून मृत्युपत्र सिद्ध करावंच लागतं.

आणि आपल्याकडे इथंच माती होते. साक्षीदार म्हणून कोण? वडिलांचे पारावरचे जोडीदार. 74 वर्षांच्या माणसाला 78 वर्षांचा साक्षीदार! वडील शंभर वर्षं जगोत, पण त्या दिवशी साक्षीदार कुठे असेल याचा विचार कोणी करत नाही. दोन्ही साक्षीदार गेले, की मग त्यांची सही ओळखणारा माणूस शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा तिशी-चाळिशीतले दोघं घ्या. शाळेचे गुरुजी, कृषी केंद्रवाला, गावातच राहणारा, उद्या कोर्टात बोलवलं तर दांडी न मारणारा माणूस. ज्याला जमीन मिळणार तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. तुम्ही स्वतः कागद लिहिला, तुम्हीच गाडीत घालून वडिलांना रजिस्ट्रीला नेलं आणि सगळं वावर तुमच्याच नावावर, असं चित्र दिसलं तर कोर्टाला संशय येणारच, आणि तो दूर करायची जबाबदारी तुमच्यावर येते. वडिलांची शुद्ध चांगली आहे असं डॉक्टरचं प्रमाणपत्र त्याच दिवसाचं घ्या. कायदा ते मागत नाही, पण पुढे सुनावणीत ते फार कामी येतं. सही येत असेल तर अंगठा नको. प्रत्येक पानावर सही.

आता मोठी गोष्ट. ‘वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र होत नाही’ हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त नुकसान होतं. वडिलांनी घेतलेल्या 4 एकरांचं ते वाटेल ते करू शकतात, अगदी गावच्या देवस्थानाला देऊ शकतात. आजोबांच्या 5 एकरांत मात्र आधी पाहावं लागतं की ते त्यांच्याकडे कोणत्या वाटेने आलं. जुन्या एकत्र कुटुंबाच्या वाटणीत आलं असेल तर त्यात तुम्हा तिघा भावंडांचा जन्मापासून हक्क आहे. मग हिशोब असा पडतो: वडील, आई, दोन भाऊ, बहीण, असे पाच हिस्से. वडिलांचा त्यातला एक एकर. तेवढ्याचंच मृत्युपत्र ते करू शकतात, आणि तेवढ्याचं नक्की करू शकतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 30 तसं सांगतं. पण ते 5 एकर आजोबांचं स्वकष्टार्जित होतं आणि आजोबा 17 जून 1956 नंतर, म्हणजे हा कायदा लागू झाल्यावर, मृत्युपत्र न करता वारले असतील, तर वडिलांच्या वाट्याला आलेली जमीन त्यांची स्वतःची धरली जाते. मग सगळ्या 9 एकरांचं मृत्युपत्र होऊ शकतं. म्हणजे त्याच वावराचा हिशोब एका फेरफारावरून एक एकर की पाच, असा बदलतो.

हे सातबाऱ्यावरून कळत नाही. सातबारा आज नाव कोणाचं आहे ते सांगतो, ते का आलं ते सांगत नाही. त्यासाठी जुने फेरफार काढा, आणि आपल्या विदर्भात 1954-55 चा अधिकार अभिलेख असतो, त्याची नक्कल काढा. त्यात जमीन तेव्हा कोणाच्या नावावर होती ते दिसतं. आजोबांनी कोणाकडून विकत घेतली असेल तर जुनं खरेदीखत निघतं का पाहा. घर वेगळं, त्याचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या नोंदीचा उतारा) वेगळा. मृत्युपत्रात त्याचा उल्लेख लोक हमखास विसरतात.

बहिणीबद्दल तुम्ही लिहिलं आहे, ‘तिचं लग्न झालं, हुंडा-आंदण सगळं दिलं, तिचा काय संबंध.’ संबंध आहे भाऊ. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी मुलासारखीच जन्माने हिस्सेदार आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी वडील 2005 मध्ये जिवंत असायलाच हवेत असंही नाही. वडील स्वतःच्या 4 एकरांतून तिला वगळू शकतात, तो त्यांचा अधिकार. वडिलोपार्जितातला तिचा हिस्सा मृत्युपत्राने जात नाही. तिला खुशीने सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र, आणि ते रजिस्टर. राखीला आली तेव्हा पेढ्याच्या डब्यासोबत कोऱ्या कागदावर सही घेतली, हे नको. असल्या सह्या पुढे दिवाणी दाव्यात भलत्या दिसतात.

वकिलाचं. शहरात मृत्युपत्र आणि वारसा एवढंच काम करणारे वकील असतात. तालुक्याला तसा वेगळा माणूस सापडणार नाही, आणि गरजही नाही. वाटणीचे दावे चालवणारा दिवाणी वकील पाहा. कागद कोणीही लिहू शकतो, तहसीलसमोर बसलेला अर्जनवीसही लिहून देतो, आणि कधी कधी चांगलं देतो. वकील लागतो तो वरचा पाच एकरांचा गुंता सोडवायला. जुने फेरफार घेऊन जा आणि सरळ विचारा, ‘यात वडिलांचं स्वतःचं किती?’ जो कागद न पाहताच उत्तर देईल त्याच्याकडून उठून या. आणि ‘एक एकर लिहून द्या’ हे तर नकोच. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलाला मनाई आहे. फी आधी ठरवा, पावती मागा. आई किंवा बहिणीला सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तेच. कोर्टाच्या आवारातच कचेरी असते, पण कोणी जात नाही.

यूट्यूबवर पाहून तुम्ही प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचं, विचारलंत. ती सक्ती मुळात मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांच्या हद्दीपुरती होती. तुमच्या वावराला ती लागू नाही. बँकेतल्या खात्याचा नॉमिनी पैसे उचलू शकतो, पण मालक होत नाही. ते पैसे वारसांचेच. म्हणून खात्यांचंही मृत्युपत्रात लिहा.

‘मृत्युपत्राची कटकट कशाला, बक्षीसपत्र करून टाका’, म्हणजे जिवंतपणीच जमीन देऊन टाका, असा सल्ला कोणी दिला तर वडिलांना एवढं समजावून सांगा: मृत्युपत्र ते उद्या फाडू शकतात, दुसरं करू शकतात, आणि शेवटचं असेल तेच चालतं. बक्षीसपत्र सही करून रजिस्टर झालं की वावर गेलं. सुना-मुलांनी पाहिलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते, पण सांभाळण्याची अट त्या बक्षीसपत्रात लिहिलेली असली तर ते सोपं जातं. उतारवयात बुढ्या माणसाला प्रांताच्या कचेरीत चकरा मारायला लावणं काही बरं नाही.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारच्या अटींवर मिळालेली जमीन) लिहिलेलं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी तहसीलमध्ये अटी काय आहेत ते विचारा. कुटुंब आदिवासी असेल तर हिंदू वारसा कायदा तुम्हाला सरसकट लागू होत नाही, तेव्हा वकिलाला पहिल्याच वाक्यात ते सांगा.