दुर्मीळ स्थानिक द्राक्षजात जपणाऱ्या घरगुती वायनरीत हौस किती आणि व्यवहार किती?

आपण विचारले आहे की, मर्लो किंवा कॅबर्ने यांसारख्या सहज खपणाऱ्या जाती हाताशी असताना एखादे कुटुंब नामशेष होत आलेल्या गावठी द्राक्षाच्या मागे का लागते, आणि त्यातून पोट भरते का. माझ्या मते सुरुवात बहुधा हौसेनेच होते. मात्र ती जात टिकते ती लागवडीचा परवाना, निरोगी काडी (नवी वेल लावण्यासाठी जुन्या वेलीची कापलेली फांदी) आणि गिऱ्हाईक या तिन्हींची सोय लागली तरच.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण इटलीच्या ईशान्य टोकाला, फ्रिउली प्रांतात आहे. स्लोव्हेनियाच्या सीमेलगतच्या प्रेपोत्तो गावाच्या परिसरात स्किओपेत्तिनो नावाचे काळे द्राक्ष पूर्वापार होत असे. फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, त्यानंतर पहिल्या महायुद्धाची आघाडी याच भागातून गेली, आणि या किडीला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमे करून पुन्हा लागवड करण्याची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी खात्रीचे उत्पन्न देणाऱ्या फ्रेंच जाती निवडल्या. शेतकऱ्यांना यासाठी दोष देता येत नाही. जात नाहीशी होते ती बहुधा अशा पुनर्लागवडीच्या वेळी, कारण जिची काडी कोणी मागत नाही तिचे कलम रोपवाटिकाही करत नाहीत.

1970 साली पाओलो आणि दीना रापुत्सी या दाम्पत्याने प्रेपोत्तोजवळच्या चाल्लाच्या खोऱ्यातील एक ओसाड मळा घेतला आणि आसपासच्या जुन्या बागांत उरलेल्या मोजक्या वेलींच्या काड्या जमवून स्किओपेत्तिनोची लागवड केली. अडचण अशी की, कोणत्या प्रांतात कोणती जात लावता येईल याची सरकारी यादी असे आणि तीत या द्राक्षाचे नावच नव्हते. म्हणजे लागवड बेकायदेशीर. इथे मदतीला आले ते फ्रिउलीतल्याच पेर्कोतो येथील, ग्राप्पा म्हणजे द्राक्षाच्या चोथ्यापासूनची दारू गाळणारे नोनिनो कुटुंब. त्यांनी 1973 मध्ये पिकोलित या एकाच द्राक्षाचा चोथा वेगळा ठेवून त्याची ग्राप्पा काढली होती, त्यामुळे स्थानिक जाती बागांतूनच संपल्या तर आपला धंदाही आटेल हे त्यांना दिसत होते. स्थानिक वेली जपणाऱ्यांसाठी त्यांनी 1975 मध्ये सुरू केलेला ‘रिसित द’आऊर’ हा पुरस्कार पुढच्या वर्षी रापुत्सी दाम्पत्याला मिळाला, गाजावाजा झाला, आणि काही काळाने लागवडीला रीतसर मान्यता मिळाली.

या वाइनला काळ्या मिऱ्यासारखा वास येतो. तो रोटंडोन या द्रव्यामुळे येतो. ते मण्याच्या सालीत असते आणि खुद्द मिऱ्यातही आढळते. गंमत म्हणजे चाचणीत सुमारे पाचातल्या एका माणसाला हा वास मुळीच येत नाही असे आढळले आहे, त्यामुळे एकच पेला चाखून मला मिरे जाणवते आणि माझ्या शेजाऱ्याला फक्त फळ. अशी वेगळी ओळख नसलेली जात केवळ दुर्मीळ म्हणून फार दिवस विकली जाईल असे मला वाटत नाही. काही जाती मागे पडल्या त्या खरोखरच सामान्य होत्या म्हणून.

व्यवहाराचे म्हणाल तर वेल लावल्यापासून पहिले हाती लागणारे पीक साधारण तिसऱ्या वर्षी येते, पुढे वाइन पिंपात मुरण्याचा काळ वेगळा, आणि तोवर पैसा अडकून पडतो. दरवर्षी भागधारकांना नफा दाखवावा लागणाऱ्या कंपनीला हे परवडणे कठीण. मळा मुलांच्या हाती जाणार आहे असे धरून चालणारे कुटुंब ते सोसू शकते. शिवाय मातृवेली मोजक्याच असल्या की काडीबरोबर विषाणूही नव्या बागेत येतात, म्हणून निवड चोखंदळपणे करावी लागते.

अशा एखाद्या वायनरीचा दावा पारखायचा असेल तर तिने शेजाऱ्यांना काड्या दिल्या का, हे मी आधी विचारीन. एकाच घरात अडकलेली जात एका गारपिटीत किंवा एका वाटणीतही संपू शकते. प्रेपोत्तोत आज अनेक उत्पादक स्किओपेत्तिनो करतात आणि ‘स्किओपेत्तिनो दि प्रेपोत्तो’ हा तिथल्या वाइनच्या अधिकृत उगमक्षेत्रातील वेगळा उपविभाग म्हणून मान्य झाला आहे.