कोरी राहिलेली चिठ्ठी

"मॅडम, मुंबईची तिकिटं काढलीत. पण रद्दच करावीत असं वाटायलंय."

एप्रिलच्या शेवटी समुपदेशनासाठी आलेल्या एक ताई माझ्यासमोर बसून हे बोलल्या, तेव्हा त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. ताई शिक्षिका, यजमान बँकेत. मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, मुलगा दहा वर्षांचा. यंदा सासूबाईही सोबत येणार होत्या; वय 71, गुडघ्यांचं दुखणं. (कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपूर्वी हे चौघं दिल्लीला गेले होते. निघताना घरात लग्नघरासारखा उत्साह आणि परतल्यावर आठ दिवस अबोला. "एवढा पैसा घालून भांडायलाच जायचं का?" हा ताईंचा प्रश्न.

सुट्ट्या आल्या की असा प्रश्न घेऊन माझ्याकडे कोणी ना कोणी येतंच. घरातला एकजण म्हणतो, खर्च करून गेलोच आहोत तर सगळं बघून घेऊ. त्या 'सगळं' शब्दानेच दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. मी ताईंना पुढच्या वेळी यजमानांना आणि ठरलेल्या कार्यक्रमाला, दोघांना घेऊन यायला सांगितलं.

कार्यक्रम बँकेच्या ताळेबंदासारखा नेटका छापलेला होता. रविवारी सकाळी लातूर एक्स्प्रेसने उतरायचं, बुधवारी रात्री परतीची गाडी. चार दिवसांत 23 ठिकाणं. शेजारी वेळा: सिद्धिविनायक 40 मिनिटं, हाजी अली 30, राणीची बाग एक तास. बाथरूम आणि चहासाठी रकाना नव्हता. शिक्षणासाठी मी दोन वर्षं मुंबईत काढली आहेत, त्यामुळे दोन गोष्टी चटकन डोळ्यांत भरल्या. सोमवारी घारापुरी लिहिलेलं होतं आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बुधवारी राणीची बाग होती. ती बुधवारी बंद.

मी हे सांगितलं आणि यजमानांचा चेहरा पडला. ताई हळूच म्हणाल्या, "दिल्लीतही हेच झालं होतं."

मग सगळं बाहेर आलं. दिल्लीत ते सोमवारी लाल किल्ल्यावर गेले होते. बंद. परतल्यावर एका नातेवाइकाने चारचौघांत विचारलं, "लाल किल्ला नाही बघितला? मग दिल्लीला जाऊन केलं काय?" तो टोमणा हा माणूस दोन वर्षं मनात घेऊन फिरत होता. यंदा कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून यादी 23वर गेली होती. धाकापोटी केलेल्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या लांबत जातात, पण त्यांच्याकडे नीट बघणं होत नाही. ज्या चुकीची भीती, तीच चूक पुन्हा कागदावर उतरली होती. मी त्यांना सांगितलं की ही हलगर्जी नाही, हा ताण आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत राहिले.

पुढच्या बैठकीला पाचही जण आले. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या दिल्या. एकीवर लिहायचं, काय राहिलं तर चुटपुट लागेल. दुसरीवर, काय नाही झालं तरी चालेल. एकमेकांत बोलायचं नाही. आजींना लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांच्या कानाशी बसून मी लिहून घेतलं.

'नाही झालं तरी चालेल' या चिठ्ठ्या आधी उघडल्या. चौघांच्या चिठ्ठीवर एकच नाव होतं: घारापुरी! मुलगी म्हणाली, "बाबांना इतिहास आवडतो म्हणून मी गप्प होते." बाबा म्हणाले, "अगं, तुझ्या अभ्यासाचं आहे म्हणून घातलं." ताईंना वाटलं होतं, सासूबाईंना बोटीची हौस असेल. आजी म्हणाल्या, "पाण्यात बसायचं म्हणलं की जीव जातो माझा. लेकरांची हौस म्हणून हो म्हणलं." जाऊन-येऊन दोन तासांची बोट आणि मे महिन्याच्या उन्हात शंभरावर पायऱ्या, हे सगळं एकमेकांसाठी चाललं होतं. लेणी अप्रतिम आहेत, त्यांचा दोष नाही.

मी त्यांना जेरी हार्वे या अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञांचा किस्सा सांगितला. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एक कुटुंब रणरणत्या दुपारी घरात निवांत बसलेलं असतं. सासरे म्हणतात, ॲबिलीनला जेवायला जाऊ. पन्नासेक मैल, गाडीत एसी नाही, जेवणही बेचव. परतल्यावर कळतं की जायचं कोणालाच नव्हतं, खुद्द सासऱ्यांनाही नाही. हार्वे यांनी 1974 साली याला 'ॲबिलीन विरोधाभास' असं नाव दिलं. आपल्या घरांत हे रोज घडतं, कारण 'मला नको' म्हणणं म्हणजे दुसऱ्याचा हिरमोड करणं, असं आपण धरून चालतो.

मग दुसऱ्या चिठ्ठ्या. मुलाला नव्या एसी डबलडेकर बेस्ट बसमध्ये वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसायचं होतं. मुलीला मरीन ड्राइव्हचे दिवे आणि कुलाब्यातली खरेदी. ताईंना दादरच्या शिवाजी मंदिरात एक नाटक, आणि एक सकाळ गजराशिवाय. आजींनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. "पाय भिजवायचे. बसायला मिळालं तर बसायचं," एवढंच त्यांनी लिहून घ्यायला लावलं.

यजमानांची चिठ्ठी कोरी होती. "मला सगळ्यांना दाखवायचंय, माझं असं काही नाही," ते म्हणाले. मी ती परत त्यांच्या खिशात ठेवायला लावली. खरं सांगायचं तर मला काळजी त्या चिठ्ठीचीच वाटली. ज्याला स्वतःला काही नको असतं, तो दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंद मोजत बसतो आणि तो दिसला नाही की चिडतो.

बाकी आखणी आम्ही अर्ध्या तासात केली. मुंबई लांबट आहे, दक्षिण-उत्तर पसरलेली, म्हणून एका दिवशी एकच टोक धरायचं. मुक्काम दादरला, तेव्हा सकाळी लोकलची गर्दी दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी उलटी, हे ध्यानात ठेवून अकरानंतर निघायचं. आजींसोबत ऐन गर्दीत लोकल नाही, सरळ टॅक्सी. गिरगाव चौपाटीला साडेपाचनंतर, वाळू निवली की. हाजी अलीला जायचंच झालं तर भरतीची वेळ आधी विचारायची, कारण भरतीत वाट पाण्याखाली जाते. आणि रोज दुपारी दोन तास कोणी काहीही बघायचं नाही. यावर यजमान कळवळले, पण आजींच्या गुडघ्यांकडे बघून हो म्हणाले.

जूनमध्ये ते दोघं पुन्हा आले. 23पैकी सात ठिकाणं झाली होती. एक भांडण झालं, दादर स्टेशनवर, कुठल्या पुलावरून उतरायचं यावरून. चहा पिईपर्यंत टिकलं. आजी चौपाटीवर दीड तास बसल्या. ओल्या पातळाचा काठ त्यांनी खोलीवर येईपर्यंत पिळू दिला नाही.

यजमानांनी पाकिटातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. घडी पडून मऊ झालेल्या कागदावर पेन्सिलने लिहिलं होतं: "सीएसएमटी, बाहेरून, निवांत." शेवटच्या रात्री गाडीच्या आधी ते मुलाला घेऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहिले होते. रोषणाईत त्या दोघांनी दगडातले प्राणी शोधले. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला, हे मुलाने त्यांना सांगितलं, त्यांनी मुलाला नाही. ही इमारत पुरी व्हायला 1878 ते 1888 अशी दहा वर्षं लागली, हे मात्र त्यांनी सांगितलं. "पाऊण तास गेला, मॅडम. घड्याळ बघितलंच नाही."

पुढच्या वर्षी हैदराबाद ठरतंय. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं, हे उठता उठता त्यांनीच मला सांगितलं. चिठ्ठ्या अजून वाटायच्या आहेत.