वाचक विचारतात : जर्मनीला निघालोय, पण बाबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं

प्रश्न : काका, मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, वय २९. व्हीटीयू विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलंय आणि पाच वर्षं झाली बेळगावच्या उद्यमबागला एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये आहे. जर्मनीला जायचं मनात आहे. एक एजंट साडेसहा लाख मागतोय, म्हणतो चान्सनकार्ड काढून देतो आणि नोकरीपण लावून देतो. बाबा म्हणतात अर्धा एकर काढू. त्यात घोळ असा की मार्ककार्डावर आणि डिग्रीवर बाबांचं नाव परशराम आहे, आधार आणि पासपोर्टवर परशुराम, आणि जन्मदाखल्यावर नुसतं पी. काय करू?

उत्तर : बाबांना पहिलं सांग, उताऱ्याला हात लावायचा नाही. आज संध्याकाळीच सांग.

आता चान्सनकार्ड म्हणजे काय ते नीट ऐक, कारण एजंट ते नोकरी मिळाल्यासारखं विकतायत. जर्मनीनं १ जून २०२४ पासून हे कार्ड सुरू केलंय आणि ते नोकरीचं नाही, नोकरी शोधायचं कार्ड आहे. एक वर्षापर्यंत तिथं राहायचं, आठवड्याला २० तास पार्टटाइम काम करायचं आणि त्या काळात आपल्या लायनीतली नोकरी गाठायची. त्याला आधी सरकारमान्य डिग्री किंवा कमीत कमी दोन वर्षांचा मान्यताप्राप्त व्यावसायिक कोर्स लागतो, आणि भाषा म्हणून जर्मन ए-१ (अगदी सुरुवातीची पातळी) किंवा इंग्लिश बी-२ (बरीच वरची). हे जमलं की मग सहा पॉइंट व्हायला पाहिजेत. तुझेच मोजून बघ. वय ३५ च्या आत म्हणून २, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव म्हणून ३, इंजिनिअर तिकडं कमी पडतात त्या यादीत तुझं काम बसलं तर १. झाले की सहा! जर्मन ए-२ पर्यंत शिकलास तर आणखी एक, बी-१ केलंस तर दोन, बी-२ केलंस तर तीन. मग साडेसहा लाख नेमके कशाचे, हे त्या माणसाला समोर बसवून विचार आणि तो काय बोलतो ते वहीत लिहून घे.

खरा पैसा दुसरीकडं लागतो आणि तो कुणी आधी सांगत नाही. तिथं राहायचा खर्च आपल्याकडं आहे हे दाखवावं लागतं, २०२५ साली त्यासाठी महिन्याला १,०९१ युरो धरले होते, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो, आपले तेरा लाखांच्या आसपास. हे ब्लॉक्ड अकाउंटला ठेवायचे, पैसे आपलेच राहतात, तिथं गेल्यावर दर महिन्याला थोडेथोडे काढता येतात. म्हणजे एजंटाला साडेसहा लाख देऊन बसलास तर हे तेरा कुठून आणणार, याचाच विचार आधी कर. म्हणूनच मी पोरांना सांगतो, जमलं तर इथं बसूनच नोकरीची ऑफर मिळव, मग हे कार्डच लागत नाही, सरळ ब्लू कार्ड, म्हणजे नोकरी हातात असलेल्या डिग्रीवाल्यांचा तिथं राहायचा परवाना. २०२५ साली त्याला वर्षाचा ४८,३०० युरो पगार लागत होता, इंजिनिअरसारख्या कमी पडणाऱ्या कामांना थोडा कमी चालतो. जर्मन सरकारचंच 'मेक इट इन जर्मनी' नावाचं पोर्टल आहे, त्यावर नोकऱ्याही दिसतात आणि नियमही, सगळं फुकट.

आता नावाचं. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागात पोरांचं सगळं यात अडकतं. घरी आपण परशराम म्हणतो, शाळेत मास्तरांनी तेच लिहिलं, आधारवाल्यानं ऐकून परशुराम केलं, आणि जन्मदाखला कन्नडमधनं, त्यात इनिशियल. घरात कुणाला खटकत नाही. पण परदेशातल्या माणसापुढं फक्त कागद असतात, त्याच्या लेखी हे दोन वेगळे बाप! माझ्या स्वतःच्या वेळी असंच झालं होतं, डिग्रीवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, कंपनीनं ऑफर दिलेली असताना तीन महिने नुसता खुलासा देत बसलो. आईनं ट्रंकेतनं सगळे कागद काढून जेवणाच्या पाटावर मांडले होते ते अजून डोळ्यापुढं आहे, बोटानं एकेक अक्षर दाखवत होती आणि विचारत होती, अरे एकच तर माणूस आहे ना हा.

तर डिग्रीला हात लावू नको, युनिव्हर्सिटीचं आणि बोर्डाचं बदलणं लई लांबतं. डिग्रीप्रमाणे बाकीचं जुळव. आधी आधार, मग पासपोर्ट रीइश्यू. तुझ्या स्वतःच्या नावात काही बदलायचं असलं तर ध्यानात ठेव, आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून पहिल्याच फटक्यात प्रत्येक अक्षर बरोबर दे. जन्मदाखल्याचं कन्नडवरनं इंग्लिश भाषांतर अधिकृत अनुवादकाकडनं करून घे. गावाच्या नावाला मात्र भिऊ नको, २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या कागदावर एक आणि नव्यावर दुसरं असणारच, हे कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत लिहून टाक.

आणखी एक, आपण मराठी म्हणून पुण्यामुंबईकडं बघतो, जर्मन शिकायला पुणं चांगलंच आहे, पण कर्नाटकचा रहिवासी म्हणून तुझा जर्मन व्हिसा बेंगळूरलाच. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघालास की सकाळी तिथं.

शेवटी अनुभवाचं. मालकाकडनं लेटरहेडवर अनुभवपत्र घे, त्यात तारखा आणि नेमकं काम पाहिजे, 'चांगला मुलगा आहे' असलं नको. पगार हातात रोख मिळत असेल तर पुरावा म्हणून पीएफचं पासबुक काढून ठेव, पीएफच नसेल तर आजपासून मालकाच्या मागं लाग. आणि सीव्हीत 'मेहनती' लिहू नकोस, कुठली व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) चालवलीस, कंट्रोलर कुठला, डक्टाइल आयर्नच्या कास्टिंगवर किती मायक्रॉनचा टॉलरन्स धरलास, रिजेक्शन किती होतं आणि तू किती खाली आणलंस ते लिही. तुझी पाच वर्षं त्या आकड्यांत आहेत रे, ती तिकडच्या मशीन शॉपमधल्या माणसाला लगेच कळतात.

प्रश्न : निपाणीहून लिहितेय. धाकट्या भावाला बीकॉमनंतर दुबईला अकाउंटंटचं काम लागतंय. एजंट ९०,००० मागतो आणि म्हणतो आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देऊ. पाठवू का?

उत्तर : ताई, असं नका पाठवू. यूएईत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे, आणि तिथला कामगार कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडनं घ्यायचा नाही. खरी नोकरी असेल तर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यातली ऑफर आधी येते, पगार आकड्यात लिहिलेला असतो, त्यावर सही होते आणि मग वर्क परमिट. ती ऑफर मागा.

आणि एजंटचा लायसन्स नंबर मागून आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघा. नोंदणी असलेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर घेताच येत नाहीत, तेही पावती देऊन. तुमच्याकडं ९०,००० मागतोय म्हणजे एकतर तो नोंदणीतला नाही किंवा नियम मोडतोय. पासपोर्टची झेरॉक्स दिली असेल तर असू दे, पण मूळ पासपोर्ट त्याच्या ताब्यात असेल तर आजच जाऊन घेऊन या, एकटं जाऊ नका, घरातलं कुणीतरी बरोबर न्या.