बाळ उजेडाकडे बघतंय, मग डोळे कशाला तपासायचे?

प्रश्न : मुलगी ३० व्या आठवड्यातच झाली, वजन १३०० ग्रॅम. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ऑक्सिजनवर होती. आता घरी आलीये, दूध नीट पिते, लाईट लावला की तिकडे बघते. डिस्चार्ज कार्डवर आरओपी (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणीची तारीख आहे पण सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला त्रास नको, दोन महिन्यांची झाली की बघू. ऑक्सिजनमुळे डोळे बिघडले असतील का?

उत्तर : ताई, तारीख पुढे ढकलू नका, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. उजेडाकडे बघते म्हणून डोळे ठीक असं नसतं हो. हा आजार आत पडद्यावर असतो, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि बुबुळात पांढरं दिसायला लागेपर्यंत बहुतेक वेळा पडदा सुटलेला असतो. मग ऑपरेशन करूनही नजर फारशी परत येत नाही.

पडद्याच्या रक्तवाहिन्या पोटात साधारण १६ व्या आठवड्यापासून वाढायला लागतात आणि कडेपर्यंत पोचायला पूर्ण दिवस भरावे लागतात. तुमची मुलगी मधेच बाहेर आली. अशा वेळी ऑक्सिजन जास्त झाला तर ती वाढ थांबते, मग उपाशी राहिलेला पडदा रक्तवाहिन्या मागायला लागतो आणि ज्या येतात त्या वेड्यावाकड्या, कच्च्या, पडद्याला ओढणाऱ्या.

म्हणजे ऑक्सिजनचा संबंध आहेच, पण तो दिला नसता तर बरं झालं असतं असंही नाही. १९५० च्या दशकात हे कारण सापडल्यावर ऑक्सिजन एकदम कमी केला गेला, तर डोळे वाचले पण बाळं दगावायला लागली. आता पल्स ऑक्सिमीटर लावून बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. आणि मुळात लवकर जन्म, कमी वजन, इन्फेक्शन, वजन न वाढणं ही कारणंही आहेतच, त्यामुळे स्वतःला किंवा हॉस्पिटलला दोष देत बसू नका.

अमेरिकेत ३० आठवडे किंवा १५०० ग्रॅमपर्यंतची बाळं तपासतात, भारतात ३४ आठवड्यांच्या आतली किंवा २००० ग्रॅमच्या खालची, कारण इथे थोड्या मोठ्या बाळांनाही होतो. तुमची दोन्हीकडे बसते. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, म्हणजे दोन महिने फारच उशीर.

थेंब टाकून बाहुली मोठी करतात, पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात, बाळ रडतं, बघवत नाही हे खरं (सासूबाईंना बाहेर बसवा), पण काही मिनिटांचं काम असतं. अगदी आधी दूध पाजू नका, उलटी होऊ शकते. बऱ्याच बाळांचा सुरुवातीचा आरओपी आपोआप जातो, नुसतं एक-दोन आठवड्यांनी परत दाखवावं लागतं. वाढलाच तर लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन, आणि तेव्हा डॉक्टर दोन-तीन दिवसांतच करायला सांगतात, विचार करून कळवतो म्हणायला वेळ नसतो.

रक्तवाहिन्या पूर्ण वाढल्यात असं डॉक्टर स्वतः म्हणेपर्यंत फेऱ्या चालू ठेवा. त्यानंतरही वर्षाची झाली की चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा बघून घ्या, लवकर झालेल्या बाळांना दोन्ही जास्त होतात.